पट्ट्यातलं मांजर आडवं गेलं तर

दादा,

एका मांजराविरुद्ध तक्रार आहे. तुम्ही असता तर ती रीतसर अर्ज करून, खाली 'आपला आज्ञाधारक' लिहून तुमच्याच हातात दिली असती, आणि तुम्ही ती जीपच्या काचेपाशी ठेवलेल्या गठ्ठ्यात सरकवली असती. दौऱ्यावरच्या साहेबापर्यंत हात पोचला नाही की लोक आपले अर्ज ड्रायव्हरच्या हातात कोंबायचे, आणि तुम्हाला कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. तर अर्जाचा मजकूर असा: सदर मांजर, वय अंदाजे तीन वर्षे, रंग पांढरा, कपाळावर करडा डाग, राहणार आमच्या घरी, दुसरा मजला, लातूर, हे अंगात पट्टा चढवताच जागच्या जागी आडवे पडते. मरत नाही. डोळे उघडे असतात, श्वास चालू असतो, शेपटीचे टोकही मधूनमधून हलते. पण चारही पाय एका बाजूला टाकून ते असे पडून राहते की बघणाऱ्याला वाटावे, या घरात काहीतरी गुन्हा घडला आहे आणि गुन्हेगार हातात दोरी धरून उभा आहे. पट्टा काढला की त्याच क्षणी उठते, अंग झाडते आणि स्वयंपाकघरात जाऊन मागणी करते. हा प्रकार मी सलग आठवडाभर सोसला आहे. तरी मेहेरबानांनी चौकशी करून योग्य तो आदेश द्यावा.

तुम्हाला आधी हे समजावून सांगायला पाहिजे की मांजराला पट्टा घालून फिरवतात. पुण्यात फिरवतात म्हणे. तुमच्या काळात रस्त्याच्या कडेला असा माणूस दिसला असता तर तुम्ही जीप थांबवून, उतरून, त्याला सावलीत नेऊन पाणी पाजलं असतं. हे मांजर तुमच्या नातीचं. तिला तुम्ही पाहिलं नाहीत, ती तुमच्यानंतरची. ती पुण्याला नोकरी करते, तिथं तिनं हे पिल्लू पाळलं, घरमालकानं नको म्हटलं, आणि ते झाकणाच्या टोपलीत बसून, रात्रभर एसटीला शिव्या देत आमच्याकडे आलं. तेव्हापासून त्याचा पाय फरशीला लागला आहे, मातीला नाही. खिडकीतून चिमण्या बघतं, कण्हल्यासारखा आवाज काढतं आणि झोपतं. तुमची सून त्याला 'बाई' म्हणते. "बाई, उठा. बाई, जेवायला चला." मला इतक्या आदरानं या घरात कधी उठवलेलं नाही.

पण खरं कारण मांजर नाही, तुमची सून आहे. हा पट्टा आला तोवर ती अकरा महिन्यांत जिन्याची एक पायरी उतरलेली नव्हती. तुम्ही तिला तीनच वर्षं पाहिलंत, तरी शेवटच्या आजारात तिच्या हातची इंजेक्शनं घेताना म्हणाला होता, "पोरीचा हात लई हलका हाय." त्या हलक्या हातानं तिनं धर्माबादकडच्या उपकेंद्रात वीस वर्षं बाळंतपणं केली, पावसात, चिखलात, कंदिलात. मग गुडघे गेले, साखर निघाली, आणि मुदतीच्या आधी नोकरी सोडून ती इथं माझ्याजवळ राहायला आली. डॉक्टर म्हणतात, रोज चाला, ऊन अंगावर घ्या. ती म्हणते, "चालते की. ओट्यापासून गॅलरीपर्यंत." गॅलरीतही ती उभी राहते ती दोरीवरच्या कपड्यांच्या मागं.

झालं होतं ते एवढंच. तुमच्या लातुरात आता नळाला पाणी येत नाही, आगगाडीनं येतं. हसू नका. डबे भरून पाणी येतं, ते टाक्यांत उतरतं, टाक्यांतून टँकरमध्ये, आणि टँकर आमच्या गल्लीत. टँकर आला की रांग लागते, प्लास्टिकचे ड्रम, घागरी, कळशा, हंडे. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका सकाळी हिची घागर समोरच्या इमारतीतल्या एका बाईच्या घागरीला लागली. त्या बाईनं पायानं आपली घागर बाजूला घेतली आणि म्हणाली, "तुम्ही जरा मागं सरा बाई. आमचं देवाचं पाणी हाय." बस. आवाज चढला नाही, भांडण नाही, कुणाची जात कुणी काढली नाही. ही रिकामी घागर उचलून वर आली आणि ओट्याखाली पालथी घालून ठेवली. ती अजून पालथीच आहे. त्यानंतर पाणी मी भरतो.

म्हणून हे मांजर. माझा हिशेब सोपा होता. हिचा जीव मांजरात आहे. मांजर खाली फिरायला लागलं तर ही त्याच्या मागं येईल. आमच्या संस्कृत तर्कशास्त्रात याला अनुमान म्हणतात. धूर दिसला की अग्नी असतो, तसं जिथं मांजर, तिथं बायको. व्याप्ती, म्हणजे धूर-अग्नीसारखी ती जोडी, जरा कच्ची आहे, हे वर्गात कुणी सांगितलं असतं तर मीच त्याला बाहेर काढलं असतं. पण पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या माणसाला कच्च्या अनुमानावरच दिवस काढावे लागतात.

मुलीनं कुरियरनं पट्टा पाठवला. खोक्यावर चित्र आहे: हिरवी बाग, हसरी बाई, आणि पुढे शेपूट ताठ करून चाललेलं मांजर. त्या चित्रातलं एकही सामान आमच्याकडे नव्हतं. फोनवर रोज तपासणी व्हायची. "पप्पा, आधी पट्टा नुसता तिच्या ताटलीशेजारी ठेवायचा. वास घेऊ द्यायचा. ओढायचं नाही. घातला की लगेच खाऊ द्यायचा." खाऊ म्हणजे सुकट. सुकटीच्या चार काड्यांसाठी मी बाजारात जायचो आणि आल्यावर घरभर वास. पहिला आठवडा पट्टा ताटलीशेजारी पडून राहिला आणि मांजर ताटली सोडून पलंगाखाली. दुसऱ्या आठवड्यात तो अंगात गेला आणि वर अर्जात लिहिलेला प्रकार सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात ते उठलं, पण पुढं जाईना. पोट जमिनीला टेकवून मागं मागं सरकत गेलं, थेट पिठाच्या डब्यापर्यंत. मी वाकून म्हणालो, "बाई, गती नावाची एक गोष्ट असते आणि ती सहसा पुढच्या दिशेनं असते." तुमची सून कणीक मळता मळता म्हणाली, "तिला उपदेश नका करू. पट्टा सैल करा. पोटात रुततोय तिच्या."

दादा, अकरा महिन्यांत तिनं स्वतःहून सुचवलेली ती पहिली गोष्ट होती. मी पट्टा एक घर सैल केला आणि मांजर चाललं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून दारापर्यंत. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर बसलं. मग पहिली पायरी, दुसरी पायरी. पट्ट्यातल्या मांजराला आपण फिरवत नसतो, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. ते बसलं की आपण उभं राहायचं, ते उठलं की आपण निघायचं, त्यानं भिंतीचा वास घेतला की आपण भिंतीकडे आदरानं बघायचं. तुम्ही तीस वर्षं साहेब लोकांबरोबर असंच फिरलात, म्हणजे तुम्हाला हे जड गेलं नसतं. आणि एका सकाळी मी मधल्या वळणावर उभा असताना वर बघितलं, तर ही दाराबाहेर आलेली. हातात सुकटीची वाटी, पदर खोचलेला. एक पायरी खाली पाय टाकलेला. मी बघतोय हे दिसलं तशी म्हणाली, "खाऊ विसरलात." वाटी पायरीवर ठेवली आणि आत गेली. त्या दिवशी मी मुलीला फोन करून सांगितलं, तुझी आई एक पायरी उतरली. ती पोरगी फोनवरच रडली. एका पायरीसाठी.

तुमची आठवण मला याच दिवसांत जास्त येऊन राहिली होती, आणि त्यातही एका दिवसाची. उमरीहून सामान घेऊन आपण इथं आलो तेव्हा जिल्हा नवा होता. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडलेलं, पण पुसलेलं नाही. कचेऱ्यांत टेबलं होती तर खुर्च्या नव्हत्या, जीप होत्या तर ड्रायव्हर नव्हते, म्हणून नांदेडहून तुम्हाला आणलं होतं. दुष्काळ तेवढा जुना होता, तोही तुमच्यासारखाच बदली होऊन आला होता. तुम्ही पहाटे निघायचा आणि अंगावर गावोगावची माती घेऊन परत यायचा. शाळेला सुटी होती त्या दिवशी साहेबांना विचारून तुम्ही मला मागच्या बाकावर बसवून नेलं. औशाच्या रस्त्याला बाभळींखालून एक मांजर निघालं आणि तुम्ही ब्रेक दाबला. जीप थांबली. मांजर सावकाश रस्ता ओलांडून गेलं, आणि ते पलीकडच्या काट्यांत शिरेपर्यंत तुम्ही गिअर टाकला नाही. साहेब हसले. "काय ड्रायव्हर, आडवं गेलं का? अहो, तुम्ही तर बुद्धाचे ना? तुम्हाला सुद्धा अपशकुन?" तुम्ही म्हणालात, "जी साहेब." एवढंच. मान सुद्धा वळवली नाही.

मी ही गोष्ट शाळेत सांगितली. संस्कृतच्या तासाला. मास्तर मांजरीच्या पिल्लाचा आणि माकडाच्या पिल्लाचा न्याय शिकवत होते: एक आईच्या तोंडात निवांत लोंबतं, दुसरं आईला स्वतः घट्ट धरतं. मांजराचा विषय निघाला म्हणून मी हात वर केला आणि ऐटीत सांगितलं की माझे वडील मांजरासाठी साहेबांची जीप थांबवतात. मास्तर हसले, म्हणाले, "धर्म बदलला तरी मांजर बदलत नाही रे." वर्ग हसला. संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती, तुम्ही येसराच्या आमटीत भाकर कुस्करत होता, आणि मला वाटलं ही गंमत तुम्हालाही सांगावी.

"मग?" तुम्ही विचारलंत.

"मग सगळे हसले."

"तू बी?"

"हाव."

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. रागावला नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तिच्या तोंडात पिल्लू व्हतं," तुम्ही म्हणालात. "मागं बसून तुला दिसलं न्हाई. मी भिऊन थांबत न्हाई रे, तिला जाऊ देत असतो. साहेबाला वाटून राहिलं मी भितो, तर वाटू दे. त्याला सांगत बसू का? गाडी थांबली ना, झालं." मग माझ्याकडे न बघता, "साहेब हसतो, त्याचं समजतं. मास्तर हसतो, त्याचं बी समजतं. तू का हसतूस?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली. पुढच्या नांदेडच्या खेपेला तुम्ही माझ्यासाठी जुन्या बाजारातून संस्कृतचा जाडजूड शब्दकोश आणलात, पहिली चार पानं फाटलेला, आणि माझ्या मांडीवर टाकून म्हणालात, "आता हसायचं तर अर्थ बघून हस." मी तो इतका बघितला की त्यातच नोकरी लागली. मुलाखतीत विचारलं होतं, "संस्कृत? तुम्ही?" त्या दोन प्रश्नचिन्हांवर मी पंचवीस वर्षं पगार घेत आलो आहे.

तर आता त्या सकाळचं सांगतो. गेल्या महिन्यातली गोष्ट. मांजर आता जिना उतरून फाटकापर्यंत येऊ लागलं होतं. वर गॅलरीत कपड्यांच्या मागं नव्हे, कपड्यांच्या पुढं उभी राहून ही बघायची. आदल्या दिवशी म्हणाली होती, "उद्या त्या कडुलिंबापर्यंत न्या बघू. मी बघते, पुढचं पुढं." मला पुढचं पुढं म्हणजे काय ते कळलं, आणि मी काही न कळल्यासारखं केलं. सकाळी मी मांजराला घेऊन फाटकाबाहेर पडलो. टँकरचा दिवस नव्हता. पण दुष्काळात टँकर दिवस बघून येत नाही, तो आला. गल्लीच्या तोंडाशी वळताना त्यानं हॉर्न दिला, आणि तीन आठवडे पुढं न जाणारं ते मांजर बाण सुटावा तसं पुढं गेलं, रस्ता ओलांडून, समोरच्या स्कूटरखाली. या टोकाला मी, त्या टोकाला मांजर, आणि मधे रस्त्यावर ताणलेली निळी दोरी.

टँकर करकचून थांबला. ड्रायव्हर निलंग्याकडचा, पुढं लिंबू-मिरची लोंबणारी. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "ओ सर! मांजर आडवं गेलं की!"

"गेलं. या तुम्ही," मी म्हणालो.

"न्हाई बा. मागल्या म्हैन्यात अस्संच गेलं आन् टायर फुटला. आधी दुसरं कुणीतरी ओलांडा, मग येतो."

तोवर गल्ली जमली होती. ड्रम घरंगळत आले, घागरी आल्या, रांग लागली, आणि टँकर वीस पावलांवर उभा. "अरे ये की पुढं!" "तूच जा की ओलांडून!" "मी का? माझ्या पोरीची परीक्षा हाय उद्या." जो तो दुसऱ्याकडे बघायचा. पाणी सगळ्यांना पाहिजे होतं, पहिलं पाऊल कुणालाच नको होतं. मी स्वतः ओलांडायला निघालो तर तीन-चार जण एकदम ओरडले, "सर, तुम्ही नका! मांजर तुमचंच, तुमचं ओलांडणं धरत न्हाईत!" शेवटी आमच्या खालचे किराणावाले अप्पा पुढं आले. उदगीरचे, कपाळाला भस्म, फार सज्जन माणूस. हात जोडून म्हणाले, "सर, तुम्ही संस्कृतातले. तुम्हीच सांगा. बांधलेलं मांजर आडवं गेलं तर ते धरतात का?"

दादा, बघा. शास्त्राचा निर्णय विचारायला गल्लीला माणूस सापडला, तो कोण, तर मी. उभ्या आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता, आणि मला तो चढला. खोटं कशाला सांगू. मी घसा साफ केला. म्हणालो, "अप्पा, पूर्वपक्ष असा की आडवं जायला इच्छा लागते. बांधलेल्याला स्वतःची इच्छा नाही. म्हणून हे आडवं जाणं नव्हे." लोक माना डोलवू लागले. ड्रायव्हरनं चावीला हात घातला. इथं थांबायला पाहिजे होतं. पण पंचवीस वर्षांची सवय. पूर्वपक्ष मांडला की उत्तरपक्षाशिवाय तोंड मिटत नाही. "परंतु," मी म्हणालो, "ज्यानं मांजराला पट्टा घातला आहे त्याला ठाऊक असतं की दोरीच्या कुठल्या टोकाला कोण बांधलेलं आहे. इच्छा मांजराचीच होती. बांधलेला मी आहे." मला हे विनोदी वाटलं होतं.

ड्रायव्हरनं चावीवरचा हात काढला. "म्हंजे तुम्ही बी आडवं गेलात?"

आणि रांगेतून त्या बाईचा आवाज आला, त्याच, देवाच्या पाण्याच्या. अगदी सहज, हसत. "तेच की. मांजर काय आन् ते काय."

लोक हसले. फार नाही, पाण्याची घाई होती. आणि दादा, माझ्याही तोंडावर हसू होतं. ते विनोद सांगताना आणलेलं होतं, ते उतरायला वेळ लागला, असं मी स्वतःला सांगतो.

मग जिन्यावर पावलं वाजली. ही खाली आली. अनवाणी, एका हातानं कठडा धरून, गुडघा वाकत नव्हता म्हणून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत. फाटकातून बाहेर पडली आणि कुणाकडे न बघता, मांजर जिथून गेलं होतं तिथूनच रस्ता ओलांडून पलीकडे गेली. वाकली. स्कूटरखाली हात घातला. "या बाई," म्हणाली. पट्ट्याची कडी सोडवली, मांजर छातीशी धरलं, वळली, आणि टँकरसमोर उभी राहून ड्रायव्हरला म्हणाली, "ओलांडलं मी. घ्या आता गाडी पुढं."

"झालं, चला!" ड्रायव्हर म्हणाला. इंजिन सुरू झालं. रांग पुढं सरकली. वाईट कुणी बोललं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. उलट सगळ्यांना हायसं वाटलं. अप्पा तर मनापासून म्हणाले, "वहिनी, देव तुमचं बरं करो." कुणीतरी अंगावर घ्यायचं होतं ते घेतलं गेलं, आणि ते घेणारं माणूस हेच का, याचं गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. ती आली तशी, एकेक पायरी, वर गेली. माझ्या हातात निळी दोरी होती आणि दुसऱ्या टोकाला नुसती कडी. माझा नंबर आला तेव्हा मी ती खिशात घातली आणि घागरी भरल्या.

वर आलो तर पट्टा कुरियरच्या खोक्यात परत गेलेला, हसऱ्या बाईच्या चित्राचं झाकण लावलेलं. मी म्हणालो, "आज तू खाली आलीस." आवाजात कौतुक आणायचा प्रयत्न केला.

"मांजरासाठी."

"तरी आलीस ना."

"आले. बघितलं. झालं." मग मांजराच्या कानामागं बोट फिरवत, "हिला पुन्हा खाली न्यायचं नाही."

त्याला महिना झाला. मांजर आता पट्ट्याच्या खोक्यावर बसतं, विजयी वीरासारखं, आणि खिडकीतून चिमण्या बघतं. ही पुन्हा कपड्यांच्या मागं उभी राहते, आणि दोनदा तर गॅलरीचं दारच लावलेलं होतं. डॉक्टर रागावले, साखर वाढली आहे. मुलगी म्हणते, पप्पा, परत पहिल्यापासून सुरू करू, पट्टा ताटलीशेजारी ठेवण्यापासून. मी हो म्हणतो आणि खोक्याला हात लावत नाही. उदगीर आता वेगळा जिल्हा होणार, अशी बातमी पेपरात पुन्हा आली आहे. पाणी नसलं की नवा जिल्हा येतो, हे तुमच्या वेळेपासूनचं आहे. पाऊस येईल का, हे मला माहीत नाही. आला तरी आमच्या जिन्यात काही फरक पडेल असं वाटत नाही.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते ठीक आहे. ज्या माणसानं वाचायला पाहिजे ते आतल्या खोलीत लसूण सोलत बसलेलं आहे, आणि मी त्यालाही ते देणार नाही. मांजराची तक्रार मी मागं घेतो. इतका वेळ मी तुम्हाला सांगत आलो की एका बाईच्या एका वाक्यानं ती घरात बसली. डॉक्टरांनाही तेच सांगतो, मुलीलाही तेच. पण वीस वर्षं परक्या घरांत, परक्या अंधारात बाळंतपणं केलेली बाई एका वाक्याला घाबरत नसते, हे तुम्ही ओळखलं असेल. तुम्ही मला एकच विचाराल, घास ताटात ठेवून. तवा तू कुठं व्हतास?

तिथंच होतो, दादा. देवाच्या पाण्याच्या त्या सकाळी मी रांगेतच होतो, तिच्या पुढं, दोन माणसं सोडून. ऐकलं. वळून बघितलं. ती त्या बाईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात पाइप माझ्या हातात आला आणि मी माझी घागर पुढं सरकवली. मला खूप शब्द येतात. त्या वेळी एकही आला नाही, आणि घागर भरली. ते पाणी मी वर नेलं आणि तिनं ते गाळून माठात भरलं. त्यानंतर वर्षभर आम्ही मांजराबद्दल बोलतो, साखरेबद्दल, मुलीबद्दल. तुम्ही गप्प का राहिलात, असं तिनं मला एकदाही विचारलेलं नाही. ती आता कधीच विचारणार नाही, याची मला काळजी वाटते.